सत्तर किलोंची ओढ

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लोणावळ्यातली माणसं ताडपत्री विकत घेतात. व्हरांड्याला बांधायची वेगळी, कौलांवर टाकायची वेगळी, स्कूटर झाकायची वेगळी. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात ही हौस नव्हे, वरणभातासारखी गरज आहे. याच गावातल्या एका कारकुनाने पत्रे आणि ताडपत्री यांसाठी काढून ठेवलेल्या आठ हजारांतून गिटार आणली. तीही जुनी.

कारकून तळेगावच्या एका पतसंस्थेत आहे. रोज सकाळी लोकल पकडायची. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव मोजत तळेगावला उतरायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जांचे हप्ते तपासायचे आणि संध्याकाळी उलट्या क्रमाने स्टेशनं मोजत घरी यायचं. अशा माणसाच्या आयुष्यात गिटार कुठून आली, हा प्रश्न त्याच्या बायकोने विचारला होता, आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता.

ओढ जुनी होती. त्याचा जन्म 1973 चा. त्याच वर्षी ‘यादों की बारात’ आला, ‘चुरा लिया है’मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली आणि आपल्याही बोटांत काहीतरी दडलंय, असं देशातल्या बऱ्याच तरुणांना वाटू लागलं. कारकुनाला ते पंचवीस वर्षं उशिरा वाटलं. 1998 मध्ये ‘गुलाम’मधल्या गाण्याने अख्ख्या देशाला खंडाळ्याचं आमंत्रण दिलं. तेव्हा हा खंडाळ्याच्या अलीकडच्याच स्टेशनावर राहत होता, अविवाहित होता, आणि तरीही त्याला कोणी विचारलं नाही. हातात गिटार असती तर विचारलं असतं, असं त्याचं ठाम मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे.

“बाबा, आठ हजारांत नवी येते,” मुलगी म्हणाली. “वर पिशवी आणि पट्टा फुकट.”

“नवीन लाकडाला आवाज नसतो. लाकूड मुरावं लागतं.”

“लोणच्यासारखं?”

“लोणच्यासारखं.”

रात्री पांघरुणात मोबाइल धरून पाहिलेल्या व्हिडिओंनी त्याची ही समजूत पक्की केली होती. त्याच व्हिडिओंतून त्याला ‘व्हिंटेज’ हा शब्द मिळाला होता. ‘जुनी’ आणि ‘व्हिंटेज’ यांत फरक एवढाच, की जुनी वस्तू विकणारा ओशाळतो आणि व्हिंटेज वस्तू विकणारा छाती पुढे काढतो. अमेरिकेतली मार्टिन कंपनी 1833 पासून गिटारी बनवते. तिने 1933 ते 1942 या काळात डी-45 नावाच्या फक्त 91 गिटारी केल्या. त्यांतली एखादी आज विकायला निघाली तर किंमत कोटींत बोलली जाते. तेवढ्यात आख्खा लोणावळा ताडपत्रीने झाकून निघेल.

याच कंपनीने 1969 च्या सुमारास ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झाल्यावर भारतातलं शिसव वापरायला घेतलं, हे कळल्यापासून कारकून घरातल्या आजेसासूबाईंच्या शिसवी पाटाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला. एकदा त्याने पाट उचलून त्यावर बोटाने टकटक केली आणि कान लावला. दुसऱ्या दिवशी पाट माळ्यावर गेला. माळ्याची शिडी शेजाऱ्यांकडे गेली.

मार्टिन नाही तर नाही. आपल्याकडेही जुन्या गिटारींचं एक खानदान आहे. कोलकात्याची गिवसन, शिवाय हॉबनर, ग्रासन अशी नावं. घाईत ऐकली तर परदेशी, सावकाश वाचली तर आपली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॉलेजच्या गॅदरिंगांमध्ये आणि चर्चच्या गायनवृंदांत ज्या गिटारी वाजल्या, त्यांत या मंडळींचा भरणा मोठा होता. त्यांतली एखादी तरी कुठल्यातरी कपाटावर पडली असणार, या हिशेबाने कारकून निघाला. खिशात तीन हत्यारं: सहा इंची पोलादी पट्टी, छोटी विजेरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा.

पहिली फेरी पुण्याच्या जुन्या बाजाराची. मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पितळी कंदील, ग्रामोफोनचा कर्णा आणि एका पायाचं शिलाई मशीन यांच्यामध्ये एक गिटार लटकत होती.

“इंग्रजांच्या टायमाची आहे, साहेब. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातली.”

कारकुनाने ती उलटी केली. बाजूला एक छोटं झाकण होतं, त्यावर नऊ व्होल्टच्या बॅटरीचं चित्र. आत मोबाइलच्या दुकानात मिळते तसली बॅटरी.

“गोरा साहेब फार पुढचा विचार करायचा,” कारकून म्हणाला आणि परतीची लोकल पकडली.

दुसरी फेरी घराजवळची. मुंबईकरांच्या एका जुन्या बंगल्याच्या राखणदाराने निरोप धाडला होता. गिटार खोलीतल्या कपाटावर होती. अंगावर धूळ, पण अंग देखणं. राखणदाराने ती पदरच्या लेकीसारखी पुढे केली.

“चाळीस वर्सं झाली, कुणी हात लावला न्हाई. तारा बी मूळच्याच हायेत. एकदा बी काढल्या न्हाईत.”

कारकुनाने सुतार फळी पाहतो तशी गिटार डोळ्यांसमोर आडवी धरली. मान सरळ असायला हवी होती; ती धनुष्यासारखी पुढे झुकली होती. मग मानेवरच्या बाराव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, पोलादी पट्टी लावली. जाड तार तिथे अडीच मिलिमीटरच्या आसपास वर असावी, म्हणजे बोटाला दाबता येते. इथे ती आठ मिलिमीटर वर होती. तारेखालून पेन्सिल आरपार गेली. विजेरी आणि आरसा आत घातला, तर पोटाखालच्या दोन फासळ्या सुटून लोंबत होत्या आणि तारा अडकवायचा ब्रिज मागून उचलला गेला होता.

राखणदार जे गुण म्हणून सांगत होता, तोच रोग होता. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्या मिळून सुमारे सत्तर किलोंची ओढ देतात. इंद्रायणी तांदळाचं पन्नास किलोंचं पोतं, आणि त्यावर बसलेलं पहिलीतलं पोर, असं ते वजन. एवढी ओढ दिवसरात्र, चाळीस वर्षं, अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर आणि डिंकाने चिकटवलेल्या सांध्यांवर. वरून लोणावळ्याची हवा. गिटारीला चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता मानवते. इथे जुलैत भिंतीसुद्धा ओलसर असतात, मीठ बरणीतून चमच्याने खणून काढावं लागतं. मानेतली सळई फिरवून थोडा बाक काढता येतो, पण सांधाच सुटला असेल तर मान उखडून पुन्हा बसवावी लागते, आणि त्या कामाला गिटारीहून जास्त पैसे पडतात.

“घ्या की, साहेब. बाराशेला देतो.”

कारकून हळहळला. गिटार नव्हे, बाक फुकट मिळत होता.

पुढच्या रविवारी घरची मंडळी एकवीरेच्या दर्शनाला निघाली. कार्ल्याच्या पायऱ्या चढून झाल्या, दर्शन झालं, आणि प्रसादाच्या रांगेतून कारकून गायब झाला. तो शेजारच्या चैत्यगृहात सापडला, मान वर करून उभा. कार्ल्याच्या त्या लेण्यात छताला सागवानी फासळ्या बसवल्यात. दगडाच्या पोटात, कमानीसारख्या, एकामागून एक. दोन हजार वर्षांच्या घरातल्या. मावळातला प्रत्येक पावसाळा त्यांनी काढलाय.

“काय बघताय एवढं?” बायकोने विचारलं.

“फासळ्या. सागाच्या आहेत. एकही सुटलेली दिसत नाही.”

“देवीला नवस काय केलात?”

“विचार करतोय, या टिकल्या कशा.”

उत्तर त्याला पायऱ्या उतरताना सुचलं. त्या फासळ्यांवर कशाचाच भार नाही. छत डोंगराचं आहे, ते आपलं आपण उभं आहे. आधीच्या लाकडी इमारतींसारखं दिसावं म्हणून कारागिरांनी त्या फासळ्या बसवल्या. दोन हजार वर्षं त्यांना कोणी ओढलंच नाही. कारकुनाला त्यांचा थोडा हेवा वाटला. त्याला स्वतःला गृहकर्जाचा हप्ता होता.

त्याच संध्याकाळपासून त्याचा प्रश्न बदलला. ‘किती जुनी आहे’ असं विचारणं त्याने सोडलं. तो विचारू लागला, ‘तारा कधी ढिल्या करता?’ बहुतेक विक्रेत्यांना हा प्रश्न वेडगळ वाटला. एकाने फोन ठेवून दिला.

उत्तर देणारा माणूस शेवटी लोणावळ्यातच निघाला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गोव्याकडचे अंकल, बाजारापलीकडच्या चाळीत. गिटार दाराआड खुंटीला नव्हती. ती कपाटात होती, कोटांच्या शेजारी, आणि कपाटात पिवळा बल्ब जळत होता. दमट कपडे वाचवायला लोणावळ्यात पुष्कळ घरांत असा बल्ब लावतात. तारा कपड्यांच्या दोरीसारख्या सैल होत्या.

“सात जूनला ढिल्या,” अंकल म्हणाले, “गणपती आले की टाइट. पस्तीस वर्षं. माझी बायको म्हणायची, माणसापेक्षा तिची काळजी जास्त.”

कारकुनाने पट्टी लावली. तीन मिलिमीटरला थोडी कमी. मान सरळ. फासळ्या जागेवर. खुंट्यांपैकी एक सुजलेली, दोन पट्ट्या झिजलेल्या, आणि वरच्या अंगाला एक बारीक चीर. आत लेबल होतं, पण झुरळांनी त्यातला महत्त्वाचा मजकूर खाल्लेला. ‘मेड इन’ एवढंच उरलं होतं.

“कुठली असेल, अंकल?”

“तुला कुठली पाहिजे?”

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, की वरचं लाकूड अखंड नाही, प्लाय आहे. कारकुनाचा चेहरा पडला. सगळ्या व्हिडिओंत प्लायला नाक मुरडतात. अखंड लाकूड मुरतं, मोकळं बोलतं. प्लाय आपलं जसंच्या तसं राहतं.

“म्हणून तर राहिली,” अंकल म्हणाले. “या हवेत सॉलिड लाकूड फुगतं, मग उन्हाळ्यात फाटतं. प्लायचे थर एकमेकांना धरून ठेवतात. मुंबईचे लोक इथे सॉलिड घेऊन येतात आणि ऑगस्टमध्ये रडतात.”

साडेचार हजारांना सौदा झाला. अट एकच: सात जूनचा नियम पाळायचा. कारकुनाने आनंदाने शब्द दिला. त्या दिवशी 27 मे होता.

पुढचा आठवडा पुण्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. खुंटी, हाडाचा नवा सॅडल, दोन पट्ट्या, तारांचा संच. दोन हजार नऊशे. हिशेबात उरले सहाशे. त्यांत ताडपत्री आली, पण अर्ध्या व्हरांड्याची.

घरी चिरेवरून चर्चा झालीच. कारकुनाने सांगून पाहिलं, की विली नेल्सन नावाच्या अमेरिकन गायकाने 1969 मध्ये घेतलेली गिटार तो पुढेही वाजवत राहिला, आणि तिला तर वाजवून वाजवून भलंमोठं भोक पडलंय.

“त्यांचा व्हरांडा पुरता झाकलेला असेल, अहो,” बायको म्हणाली.

दुरुस्त होऊन गिटार घरी आली ती 5 जूनला रात्री. शुक्रवारी कारकुनाने सुरात लावायला तीन तास घेतले. सी हा सूर शिकायला उरलेली रात्र गेली. बोटांच्या टोकांना फोड आले, पण रात्री बाराच्या सुमारास तो सूर एकदा, एकदाच, स्वच्छ वाजला. मुलीने हेडफोन काढून पाहिलं.

शनिवारी सकाळी पाऊस आला. सात तारीख होती. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं, दिलेला शब्द आठवला, आणि एकेक खुंटी उलटी फिरवली. तारा सैल पडल्या. मग आलमारी उघडली, बायकोची पैठणी आणि दोन शालू वरच्या कप्प्यात सरकवले, मध्ये गिटार उभी केली आणि बल्ब लावला.

आता रोज रात्री जेवणं झाली की तो आलमारीचं दार किलकिलं करतो, डावा हात आत घालून सैल तारांवर सीची जागा शोधतो. आवाज काहीच येत नाही. व्हरांड्याच्या उघड्या अर्ध्या भागात बादली ठेवलीय, तिच्यात मात्र ठराविक अंतराने थेंब पडतो.

“वाजते का हो चांगली?” परवा लोकलमध्ये कोणीतरी विचारलं.

“गणपतीनंतर कळेल,” तो म्हणाला आणि वडगावला जागा मिळाली म्हणून बसला.