मरण यावं तर वाघाकडून

जंगलात निघालेल्या मराठी माणसाला वाघाची भीती कमी आणि हौस जास्त असते. मला तर ती जरा अधिकच आहे. ताडोब्याला जायच्या आधी मी सोसायटीत दोनचार जणांच्या कानावर सहज घालून ठेवतो, "कोअरमध्ये चाललोय. बघू, परत आलो तर." प्रत्यक्षात मी जिप्सीत गाइड आणि ड्रायव्हरच्या मागे, कानटोपी घालून बसणार असतो. वाघ समोर आला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, त्याच्यावरची नजर न काढता हळूहळू मागे सरकायचं, हे मला तोंडपाठ आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने विचारलं नसलं तरी मी ते सांगतो. मठ्ठ्याची वाटी हातात धरून मागे सरकूनही दाखवतो.

सगळा प्रश्न इभ्रतीचा आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तलावाकाठी त्याचं देऊळ झालं आणि त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव पडलं, असं सांगतात. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं तेही त्याच नावाने. फुरसं चावून गेलेल्या माणसाच्या नावाने मात्र साधा एसटीचा थांबाही ऐकिवात नाही. फुरसं असतं फूट-दीड फुटाचं. दगडाखाली बसतं, छेडलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखरतं, आणि चावलं की माणसाचं रक्त गोठायचं थांबतं. एवढं करूनही बिचाऱ्याला रुबाब नाही.

आणि आग्यामाशी! इथे जरा बसा, हा माझा लाडका विषय आहे. गडाच्या कातळाला, लेण्याच्या कपाळावर, उंच झाडाला तिचं पोळं लोंबतं. एकच, पण सुपाहून मोठं, आणि त्यावर माश्यांचा जिवंत पडदा. गांधीलमाशी जवळ घुटमळली की सगळ्या जणी ओळीने पोटं उचलतात आणि त्या पडद्यावरून लाट सर्रकन सरकत जाते. तासभर बघत बसावं असं दृश्य, पण लांबून. तेवढ्यात खालून आमचा ट्रेकिंग ग्रुप येतो. घोषणा, मिसळीसाठी पेटवलेल्या चुलीचा धूर, आणि अंगाला डिओ. फोटोला वास येत नाही हे मला कळतं, तरी माथ्यावर पोचायच्या आधी मी दोन फवारे मारतोच. पोळ्यावरची मंडळी बिथरायला एवढं पुरतं. एक माशी डंख मारते, काटा कातडीत सोडून स्वतः मरते, आणि काट्यापाशी सुटलेला पिकल्या केळ्यासारखा वास बाकीच्यांना तिथेच बोलावतो. (नाश्त्याला आम्ही नेतो काय, तर केळी.) वाघासाठी केलेलं सगळं पाठांतर इथे फुकट. नजरेला नजर कुणाकुणाच्या देणार? तोंड-डोकं झाकून धूम ठोकायची. पाण्यात उडीही मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत वाट बघतात.

वाघाची हौस मला परवडते, कारण मी जिप्सीत असतो. मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूरकडे पहाटे मोहफुलं गळतात. गावातल्या बायका उजाडायच्या सुमाराला टोपल्या घेऊन जंगलात शिरतात आणि खाली वाकून एकेक फूल वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं वाटतं, असं वनखात्याचे लोक सांगतात. मोह अस्वलालाही आवडतो आणि त्याचीही वेळ तीच. एखादी बाई गेली की पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, "जंगलात गेली असता", जणू सहलीलाच गेली होती. त्याच सकाळी मी वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर तोंड फुगवून बसलेला असतो. गाइड जवळच्याच गावातला असतो, आणि त्याच्या घरचं कुणीतरी त्या वेळी मोहाखाली वाकलेलं असू शकतं. तो मला काही बोलत नाही. "साहेब, तिकडे सांबर," एवढंच म्हणतो.

तेव्हा मंडळी, गाइडला छळू नका, आणि गडावर जाताना डिओ घरीच राहू द्या. दगडाच्या फटीत हात घालू नका, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. काटा रुतला तर चिमट्याची वाट न बघता नखाने लगेच खरवडून काढा. साप चावला तर दोरी, ब्लेड आणि मांत्रिक या तिघांनाही लांब ठेवून सरळ सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते, आणि तिथे ती फुकट मिळते.