जशी होती तशी

जुनी गाडी उभी करणारा माणूस लग्नात ओळखता येतो. बुफेच्या रांगेत ताट धरलेल्या हातांकडे बघायचं. नखांच्या कडेनं काळी रेघ दिसली, आणि त्या रेघेच्या मालकानं "सध्या कुठं असता?" न विचारता "तुमच्या वडिलांकडे गाडी कुठली होती हो?" असं विचारलं, की समजावं. "स्कूटर" म्हणालात तर सुटलात. "फियाट" म्हणालात तर जिलबी गार होणार.

आमच्या सोसायटीतले नाना या जमातीतले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी सोसायटीचे जुने हिशेब तपासायला घेतले. त्यानं सोसायटी हैराण झाली. तेवढ्यात त्यांना सासवडच्या बाजूला, एका चिंचेखाली, १९६८ ची फियाट डिलाइट उभी असल्याचं कळलं आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. गाडीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. सौदा ठरला, पैसे मोजून झाले, आणि मग मालकानं सांगितलं की कोंबडी सौद्यात नाही, पिल्लं निघेपर्यंत थांबा. नाना थांबले. एरवी बँकेत टोकन हरवलेल्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटं न देणारा माणूस एका कोंबडीसाठी थांबला, हे त्यांच्या पत्नी माई अजून पाहुण्यांना सांगतात.

ही त्यांच्या वडिलांची गाडी नव्हे. ती वडिलांनीच कधी काळी विकली आणि पुढे ती भंगारात गेली. पण वर्ष तेच, मॉडेल तेच. त्या काळी देशात गाडी घ्यायची म्हणजे अँबॅसडर, फियाट किंवा स्टँडर्ड हेराल्ड. त्याही पैसे भरून, नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून. वडिलांनी बुकिंग केलं तेव्हा नाना तिसरीत होते, गाडी दारात आली तेव्हा आठवीत. मधली पाच वर्षं घरात सगळ्या बेतांच्या शेवटी "गाडी आल्यावर" हे शब्द यायचे. त्यामुळे नानांच्या मनात गाडी ही मुळात न आलेली वस्तू आहे. पुढे जे घडलं त्याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

गाडीला कोणी "पद्मिनी" म्हटलं की नाना हातातला पाना खाली ठेवतात. "पद्मिनी नंतरची. कंपनी तीच, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कारखाना कुर्ल्याला. पण पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं. ही फियाट." मग कोणी सलोखा म्हणून "म्हणजे डुक्कर फियाट का?" असं विचारलं तर आणखी पंचाईत. डुक्कर त्याच्याही आधीची, पन्नासच्या दशकातली, जिची पुढची दारं उलटी उघडायची. ही वंशावळ नाना गोत्र आणि प्रवर सांगावं तशी सांगतात, आणि ऐकणाऱ्यानं मध्ये आचमन करावं तसं "अच्छा" म्हणायचं असतं.

गाडी उतरवायला पुण्याच्या नाना पेठेतले एक चाचा येऊ लागले. सगळं आयुष्य फियाटखाली आडवं झोपून काढलेला माणूस. उभं राहून फारसं बोलायची सवयच नाही. त्यांच्या खिशात लोहचुंबकाचा तुकडा असतो. पहिल्या दिवशी त्यांनी तो पत्र्यावरून फिरवला. दारावर चिकटला. मडगार्डवर चिकटला. मागच्या चाकाच्या वरच्या फुगवट्यावर ठेवला, तर खाली पडला. परत ठेवला, परत पडला. "इधर गाडी नहीं है नानासाब," चाचा म्हणाले, "खाली लांबी है." खरवडायला घेतल्यावर बोटभर जाडीची लांबी निघाली, तिच्या आत वर्तमानपत्राचा बोळा आणि बोळ्याच्या आत गंज. मग चाचांनी आतली मॅट उचलली आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेले. टण, टण, टण, थप. "थप"पाशी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा करून टोकानं हलकेच दाबला आणि तो दांड्यापर्यंत आत गेला. नाना खाली वाकून बघत होते. त्यांना सोसायटीची फरशी दिसली. चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. गंज किरकोळ निघाला असता तर काम लवकर संपलं असतं ना!

निघालेला एकेक भाग नानांनी पाकिटात घातला, वर बँकेच्या अक्षरात लिहिलं: "मागचं डावं दार, आतलं हँडल, स्क्रू तीन, वायसर दोन." रजिस्टर वेगळं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, बोअरिंग करून, नवे पिस्टन-रिंग घालून परत बांधलं. पण सगळं चढवून झाल्यावर सात नट उरले. नानांचा टॅली न लागलेला हा पहिलाच हिशेब. त्यांनी तीन रात्री रजिस्टर तपासलं. चाचांनी ते सात नट हातावर घेतले, खालीवर केले आणि खिशात टाकले. "कंपनीनं जास्तीचे दिले होते."

सुट्या भागांचा शोध हा या माणसाचा खरा संसार. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, एरवी नाना पेठ, महिन्यातून एकदा मुंबईला कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्या जिवावर देशभरातल्या फियाट जगत होत्या. टॅक्सी मोडीत निघाली की तिचे अवयव वाटले जायचे. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ ला संपली. वर्तमानपत्रांतून हळवे लेख आले, लोकांनी फोटो काढले. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं आठवणींनी भरून आलं असेल. "आठवणींचं जाऊ द्या," नाना म्हणाले, "आता त्रिकोणी काचेची कडी कुठून आणू?"

दारांची रबरं त्यांनी इटलीहून मागवली. तिकडेही ही अकराशे फियाट जपणारे वेडे आहेत आणि त्यांना माल पुरवणारी दुकानंही आहेत. रबरापेक्षा कुरिअर आणि कस्टम ड्युटी महाग पडली. माईंनी खोकं उघडून बघितलं, रबराला हात लावला आणि म्हणाल्या, "याहून कुकरची रिंग बरी असते." नानांनी चार दिवस अबोला धरला. माईंनी त्या चार दिवसांत बोनेटवर साबुदाण्याच्या पापड्या वाळवून घेतल्या.

मग रंगाचा प्रश्न आला. नानांचं ब्रीद एकच होतं: गाडी जशी होती तशी करायची. पण जशी म्हणजे कशी? त्यांनी भावंडांची बैठक बोलावली. दादा म्हणाले, आपली गाडी आकाशी होती. आक्का म्हणाल्या, आकाशी कुठली, राखाडी. माझ्या राखाडी स्वेटरला मॅचिंग म्हणून मला लक्षात आहे. कृष्णधवल फोटो आले. त्यात गाडी राखाडी होती. पण त्यात स्वेटर, आक्का आणि मागचा गुलमोहरही राखाडीच होता. चिंचेखालच्या गाडीचा पत्रा खरवडला तर वर पांढरा, त्याखाली मरून, त्याखाली हिरवा आणि तळाशी एक रंग, ज्याला दादा आकाशी म्हणाले आणि आक्का राखाडी.

बैठकीत दुसरंही बाहेर आलं. वडिलांची गाडी कंपनीतून आली तशी आठवडाभरही राहिली नव्हती. आईनं सीटना फुलाफुलांचे अभ्रे शिवले होते. मागच्या काचेला झडपांची जाळी बसवली होती. डॅशबोर्डवर छोटा पंखा, पंख्याशेजारी गणपती, टपावर कॅरिअर, समोरच्या काचेवर बाहेरून टोपीसारखी झापड, आणि स्टिअरिंगवरच्या गिअरला आत गुलाब अडकवलेली पारदर्शक मूठ. यातलं काहीच कुर्ल्याच्या कारखान्यातलं नव्हे. तरीही भावंडांना गाडी म्हणून आठवत होती ती हीच. नाना मॅन्युअल उघडून बसले होते. त्यांनी ते मिटलं आणि रजिस्टरमध्ये नवं पान काढलं. वर लिहिलं "मूळ स्वरूप". खाली पहिली नोंद: "गुलाबाची मूठ, एक."

चौथ्या मजल्यावर एक पोरगा आहे, आयटीतला. त्याच्याकडे पद्मिनी आहे, आणि त्यानं ती जमिनीला टेकेल इतकी खाली बसवली आहे. रुंद चाकं, अलॉय व्हील, मॅट काळा रंग, आत बकेट सीट, डिकीत स्पीकर. नाना तिच्याकडे बघत नाहीत. शेजारून जाताना उपरणं सावरल्यासारखं करतात, अंगावर उपरणं नसलं तरी. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचून दाखवलं: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीतली माहिती वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल. सभेचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. तुमच्या आरसीवर रंग कुठला आहे?"

आरसीवर पांढरा होता. म्हणजे गाडी जशी होती तशी करणं हाच सरकारदरबारी बदल ठरला, आणि नानांना त्यासाठी आरटीओत अर्ज करावा लागला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "कारण?" नानांनी पूर्ण पान लिहून दिलं. बाईंनी त्यावर "हौस" असं लिहून शिक्का मारला.

व्हिंटेज नोंदणीचाही विचार झाला. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती मिळते, नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, फी वीस हजार. पण अट अशी की गाडी मूळ रूपात राहिलेली हवी आणि ती रोजच्या वापरात काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. माई म्हणाल्या, "म्हणजे मंडईत न्यायची नाही?" तो विषय तिथंच संपला.

या माणसांचं एक गुपित असतं. शुद्धतेवर सभा गाजवणाऱ्या नानांच्या बोनेटखाली आता डायनमो नाही, मारुतीचा अल्टरनेटर आहे. चाचांनी सुचवलं तेव्हा नाना कानावर हात ठेवते झाले. मग एका रात्री हेडलाइट निरांजनाएवढे जळायला लागले आणि सकाळी चाचांना फोन गेला. अल्टरनेटर राखाडी रंगवून, वर एक मळकं फडकं टाकून लपवला आहे. त्याची जोडणी कोणी करून दिली? चौथ्या मजल्यावरच्या पोरानं. रात्री अकरानंतर, पार्किंगचा दिवा घालवून, मोबाइलच्या उजेडात. त्या रात्री दोघं पहाटेपर्यंत कार्ब्युरेटरवर बोलत होते, हे वॉचमननं मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते एकमेकांकडे बघत नव्हते.

गाडी शेवटी निघाली ती सासवडला, चिंचेच्या मालकाला दाखवायला. मे महिना, भर दुपार, दिवे घाट. नाना पुढे, माई शेजारी. मागे मी, आईस्क्रीमच्या डब्यात पाणी घेऊन. तिसऱ्या वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि उभी राहिली. नाना खूश. "व्हेपर लॉक! पंपात पेट्रोलची वाफ झाली. बाबांच्या वेळी खंडाळ्याच्या घाटात अगदी अशीच थांबायची." त्यांनी माईंचा नवा नॅपकिन डब्यात बुचकळून पेट्रोल पंपावर गुंडाळला आणि बोनेट वर करून उभे राहिले.

पाच मिनिटांत घाटात जत्रा भरली. दुचाकीवरून जाणारा प्रत्येक पासष्टीपुढचा माणूस थांबत होता. कोणाच्या काकांकडे होती, कोणाच्या डॉक्टरांकडे. एकानं त्रिकोणी काच उघडून मिटून बघितली आणि डोळे पुसले. पंप केव्हाच गार झाला होता. मी तसं सुचवल्यावर नानांनी नॅपकिन परत ओला केला.

एवढ्यात पांढऱ्या टोपीचे एक आजोबा आले. गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, आत डोकावले, गुलाबाच्या मुठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान केलीये. पण ओरिजिनल नाही. फियाटला मागच्या काचेवर मान हलवणारा कुत्रा असतो."

नानांनी खिशातून रजिस्टर काढलं. "कुठल्या रंगाचा?"

"चॉकलेटी."

"छे हो, काळा," मागून कोणीतरी म्हणालं.

माईंनी सासवडला जाणारी पीएमपी हात करून थांबवली.