लागलंय, हलू नका!

खरखर ऐकू आली की अप्पा उठतात. अप्पा कोण, हे सांगत बसत नाही. ज्या सोसायटीत एक तरी जुना स्टिरिओ रिसीव्हर अजून चालू आहे, तिथे ते असतातच. रिसीव्हर भिंतीपासून ओढायचा, त्याच्यामागे डोकं घालायचं आणि टी आकाराची ती चपटी वायर घेऊन दिवाणखाना धुंडाळायचा, हा त्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम. पडद्याची दांडी होते, शोकेस होतं, देवघराची कमान होते. शेवटी वायर सुनेच्या हातात जाते. ती खिडकीशी पोचते न पोचते तोच गाणं लख्ख ऐकू येतं आणि अप्पा ओरडतात, "लागलंय! हलू नकोस!" आत कुकरच्या शिट्ट्या होत राहतात, सून उभी. दिवाळसणाला जावई आला की तिची सुटका. "जावईबापू, जरा इकडे या. हां… हलू नका." सिलिंडरवाला मुलगाही सुटत नाही, खांद्यावरचं ओझं खाली ठेवायच्या आत त्याच्या कानावर पडतं, "हलू नको रे, लागलंय!"

घरातले हसतात, पण पदार्थविज्ञान अप्पांच्या बाजूनं आहे. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी तीन मीटरच्या आसपास. लहरीच्या निम्म्या लांबीची तार ती चांगली पकडते, म्हणून त्या टी वायरची आडवी बाजू साधारण दीड मीटरची असते. आता माणूस बघा. उंची जवळपास तेवढीच, आणि आत खारट पाणी, म्हणजे वीज वाहून नेणारं. रेडिओलहरींच्या दृष्टीनं सून हीच एक उभी अँटेना आहे. शिवाय इमारतींवर आपटून आलेल्या लहरी थेट आलेल्या लहरींत मिसळतात. एका जागी त्या एकमेकींना जोर देतात, तिथून पाऊण मीटरवर एकमेकींचा गळा दाबतात. सोफा अडीच फूट सरकवला म्हणून स्टेशन गेलं, ही अप्पांची तक्रार म्हातारचळ नव्हे. समोर वीस मजले उभे राहिल्यापासून सगळं बिघडलं, हेही खरं असू शकतं. तेव्हा 'हलू नका' ही आज्ञा शास्त्रशुद्ध आहे. निदान अचूक, घोडं पेंड खातं ते उपचारापाशी.

कारण उपचार रिसीव्हरच्या तोंडावरच असतो: 'मोनो' लिहिलेलं एक बटण. स्टिरिओ प्रसारणात डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज नेहमीसारखी जाते आणि त्यांच्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर वेगळा पाठवला जातो. सोबत १९ किलोहर्ट्झचा एक सूर असतो. तो सापडला की रिसीव्हरवरचा लाल दिवा लागतो. एफएममध्ये गोंगाट वरच्या कंपनांकडे वाढत जातो, त्यामुळे त्या फरकाबरोबर खरखरीचं गाठोडंही घरात येतं. मोनोइतकंच स्वच्छ स्टिरिओ हवं असेल तर संकेत वीस डेसिबलहून अधिक जोरदार लागतो, म्हणजे शंभर पटींहून जास्त. बटण दाबा, खरखर बसेल, सून स्वयंपाकघरात जाईल. अप्पा दाबत नाहीत. दाबलं की लाल दिवा विझतो ना! आणि हा दिवा पेटता ठेवून ते ऐकतात काय? बातम्या, म्हणजे एकच निवेदक, दोन्ही स्पीकरांतून सारखाच. नाहीतर गीतरामायण. ते पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं १९५५ साली. एफएम स्टिरिओची ही पद्धत अमेरिकेत मंजूर झाली १९६१ मध्ये. म्हणजे जे मुळात एकाच वाटेनं आलेलं आहे, ते दोन्ही वाटांनी आल्याचा दाखला मिळावा म्हणून जावई खिडकीशी उभा.

कुणी म्हणेल, मोनोच ऐकायचं तर एवढा महागडा रिसीव्हर घेतला कशाला? संकेत दमदार असेल तेव्हा स्टिरिओ जरूर ऐकावं; पण त्यासाठी अँटेना गच्चीवर हवी, तिथून चांगली कोअॅक्स केबल खाली आणायला हवी, आणि गच्ची सेक्रेटरीच्या ताब्यात असते. (सेक्रेटरी हे वेगळं व्यक्तिचित्र आहे.) दुसरा आक्षेप नातवाचा: अॅप लाव की, खरखरच नाही. खरं आहे. पण फोनवरचा आवाज काही सेकंद मागून येतो आणि अप्पा भिंतीवरचं घड्याळ आकाशवाणीच्या टोल्यांवर लावतात. नातवाच्या मते हा हट्ट. असेल, पण तेवढ्या मुद्द्यावर त्याला उत्तर देता येत नाही.

आणि मीडियम वेव्हवर तर अप्पांपुढे हातच टेकावेत. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ घ्या: लहर पावणेचारशे मीटरच्या पुढची, तिला सून आणि जावई सारखेच किरकोळ. तिथे अप्पा कुणालाच उभं करत नाहीत. बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर घेतात आणि एकेका स्विचबोर्डापाशी नेऊन धरतात. आतली फेराइटची कांडी दिशा ओळखते. ट्रान्झिस्टर फिरवत गेलं की एका कोनात गुरगुर दबते, कांडीचं टोक वळलेलं असतं तिकडेच गुन्हेगार. बहुतेकदा स्वस्तातला एलईडी दिवा निघतो, नाहीतर नातवाचा चार्जर. अप्पा तो उपसतात, दोन मिनिटं कान देतात आणि कुणाला काही न बोलता फडक्यात गुंडाळून ठेवतात. बाकी सगळे खरखर आली की स्टेशन बदलतात. दोष आपल्याच घरात असणार, असं धरून चालणारा हा एकटाच. प्रक्षेपणच ढासळलं असेल, ही शंका त्यांना शिवत नाही. केंद्रावर त्यांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा केंद्राचा स्वतःवर आहे की नाही कोण जाणे. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे कितीतरी प्रक्षेपक बंद झाले. ऐकणारे उरले नाहीत, असं त्यावर म्हटलं जातं. त्या मोजणीत अप्पा धरले गेले असतील असं वाटत नाही. ते तेव्हा नातवाच्या खोलीत, पलंगाखाली, चार्जर शोधत असणार.