केटलबेल : सीमाभागातील एका वजनदार पाहुण्याचा अभ्यास

वजन उचलण्याच्या साधनांचा शास्त्रीय विचार करताना असे आढळते की, त्यांतील बहुतेक साधने माणसाची सोय पाहून घडवलेली असतात आणि थोडी मात्र त्याची गैरसोय व्हावी याच हेतूने घडवलेली असतात. डंबेलमध्ये मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखा भार असल्यामुळे ते हातात निमूट राहते. केटलबेल, म्हणजे वर जाड कडी असलेला बिडाचा गोळा, हातात घट्ट धरला तरी त्याचा भार मुठीबाहेर वीतभर अंतरावर लोंबकळत राहतो, आणि हात डोक्यावर जाताच तो गोळा मनगटावरून उलटून कोपराच्या अलीकडे आदळतो. तेथे उमटणारा निळा डाग हा नवशिक्याचा प्रवेश अर्ज समजला जातो, आणि तो भरल्यावाचून पुढची इयत्ता मिळत नाही.

बेळगाव आणि निपाणीच्या व्यायामशाळांत हे साधन अलीकडे आले असले, तरी त्याचे मूळ कूळ व्यायामाचे नसून व्यापाराचे आहे. रशियात धान्य तोलण्यासाठी ‘पूड’ हे माप चाले आणि एक पूड म्हणजे चाळीस ‘फुंत’, आजच्या हिशेबाने सुमारे १६.४ किलो. पारड्यात ठेवण्याची कडीवाली वजने पाहून बाजारातल्या रिकाम्या हातांना स्वस्थ बसवेना, जत्रांतून ती उचलून दाखवण्याची ईर्षा सुरू झाली, आणि १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी हौशी बलोपासकांचे मंडळ काढून या बाजारी वस्तूला वैद्यकाची प्रतिष्ठा दिली. ‘रशियन सिंह’ म्हणून गाजलेला मल्ल जॉर्ज हॅकनश्मिट याच क्रायेव्स्कींच्या हाताखाली तयार झाला. आजही केटलबेल १६, २४ आणि ३२ किलोंच्या मिळतात त्या एक, दीड आणि दोन पूड या जुन्या हिशेबामुळेच. चाळीसाचा हा हिशेब सीमाभागातील वाचकाला परका वाटू नये, कारण इकडचा मणही चाळीस शेरांचाच होता. फरक एवढाच की, निपाणीच्या अडत्याने मणाचे वजन स्वतः उचलून दाखवण्याची ईर्षा कधी धरली नाही, ते काम त्याने पूर्वीपासूनच हमालाकडे सोपवले होते.

हा हमाल प्रस्तुत विषयात दुर्लक्षून चालणार नाही. आधुनिक प्रशिक्षक ज्याला ‘हिप हिंज’ म्हणतात, म्हणजे पाठीचा कणा सरळ ठेवून, नितंब मागे ढकलून, कमरेऐवजी खुब्याच्या सांध्यातून वाकणे, ती क्रिया केटलबेलच्या ‘स्विंग’चा, अर्थात गोळा दोन पायांमधून मागे नेऊन छातीच्या उंचीपर्यंत झुलवण्याच्या व्यायामाचा, प्राण आहे. येथे हात उचलत नाहीत, ते नुसते दोरासारखे असतात. काम करतात ते मांड्यांच्या मागचे आणि नितंबांचे स्नायू. तंबाखूच्या वखारीत ज्याने अनेक वर्षे बोद (मोठे गठ्ठे) हलवले त्याला हे कोणी शिकवावे लागत नाही, कारण न शिकलेल्याची पाठ पहिल्याच हंगामात त्याला घरी बसवते. शहरातील सभासद याच शिक्षणासाठी दरमहा शुल्क भरतो आणि हमालाला त्याच क्रियेबद्दल उलट मजुरी मिळते, ही अर्थशास्त्रीय विसंगती अभ्यासकांनी अजून पुरेशी तपासलेली दिसत नाही.

तालमीच्या दृष्टीने पाहता हा पाहुणा तसा नात्यातलाच ठरतो. ‘नाल’ म्हणजे मध्ये पोकळी कोरून आत मूठ ठेवलेला दगड, ‘करेल’ म्हणजे आखूड मुठीचा जाड लाकडी मुद्गल, आणि गदा म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला गोळा; यांपैकी करेल आणि गदेत तरी भार मुठीपाशी नसून दूर असतो, म्हणजे गैरसोयीचे तत्त्व इकडच्या वस्तादांना रशियन पुस्तक न वाचताच उमगले होते. त्यातच उत्तर कर्नाटकातील गावोगावच्या जत्रांत संग्राणी कल्लू आणि गुंडू कल्लू उचलण्याच्या शर्यती लागतात; कानडीत कल्लू म्हणजे दगड, आणि गुंडू कल्लूला तर कडीची सवलतही नसते. अशा मुलखात सोळा किलोचा गुळगुळीत, रंगवलेला, कडी बसवलेला गोळा पहिल्यांदा दाखल झाल्यावर त्याचे स्वागत काहीशा मायाळू उपेक्षेने व्हावे हे ओघानेच आले.

दगडांच्या बाबतीत एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे, ती म्हणजे त्यांच्या वजनापेक्षा त्यांची कीर्ती नेहमी जड असते. बडोद्याच्या संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचलल्याचे सांगितले जाते असा एक दगड आहे, त्याचे वजन १२०० किलो सांगितले जाते, आणि या प्रकरणातील प्रमुख साक्षीदार स्वतः दगडच असल्यामुळे त्याची उलटतपासणी घेता येत नाही. केटलबेलवर आकडा ओतीव अक्षरांत असतो, त्यामुळे तिच्याविषयी आख्यायिका रचण्यास वाव उरत नाही, आणि सीमाभागाच्या दृष्टीने त्या आकड्याचा आणखी एक उपकार असा की, तो कोणत्या भाषेत मोठा आणि कोणत्या भाषेत लहान लिहावा यावर अद्याप कोणी मोर्चा काढलेला नाही. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे चोवीस किलो हे चोवीसच भरतात. १९५६ पासून चिघळलेल्या सीमाप्रश्नात उभय पक्षांना मान्य असलेली एवढी ठोस बाब दुसरी सापडणे कठीण.

बलवान खेळाडूला, म्हणजे कुस्तीगीर, वेटलिफ्टर किंवा दोनशे किलोंची डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उभे राहून मांडीपर्यंत उचलणे) मारणाऱ्या पॉवरलिफ्टरला, हा गोळा खरोखर काय देतो, हा कळीचा प्रश्न होय. २०१२ मध्ये लेक आणि लॉडर या इंग्लंडमधील संशोधकांनी तीस सेकंद स्विंग आणि तीस सेकंद विश्रांती अशी बारा मिनिटांची सत्रे आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे करवून घेतली, तेव्हा अर्ध्या बैठकीतील कमाल ताकद सुमारे दहा टक्क्यांनी आणि उडीतील स्फोटक ताकद सुमारे वीस टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका तुलनेत बारने वेटलिफ्टिंग करणाऱ्यांची ताकद केटलबेलवाल्यांपेक्षा अधिक वाढली. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले असता केटलबेलला घरचा कारभारी न करता हाताशी धरलेला कारकून समजावे, हेच शहाणपणाचे दिसते. जो प्रशिक्षक बार अडगळीत टाकून केवळ गोळ्यावर पैलवान घडवू पाहतो, त्याच्या हातून बहुधा उत्तम दमाचा कारकून घडतो.

दमाचा विषय निघालाच आहे तर रशियन स्पर्धेचा नियम सांगणे प्राप्त आहे. तेथे वेळ दहा मिनिटांची असते, वजन खाली टेकले की खेळ संपतो, आणि ‘स्नॅच’मध्ये, म्हणजे गोळा एका झोकात पायांमधून थेट डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, हात एकदाच बदलता येतो. दोनशे किलोंचा मानकरी चोवीस किलोंकडे पाहून हसतो ते पहिल्या मिनिटात. तिसऱ्या मिनिटात तो घड्याळाकडे पाहतो आणि पाचव्यात घड्याळ बंद तर पडले नाही ना, अशी चौकशी करतो. जोर-बैठकांचा तालमीतला गडी अशा वेळी किंचित अधिक टिकतो, परंतु सत्रानंतर झालेली झीज भरून काढण्यासाठी बेळगावी कुंद्याच्या पाव किलोचा आधार घेण्याची त्याची पद्धत क्रीडाविज्ञानाला अद्याप मान्य नाही.

एवढे गुण असूनही केटलबेलला मैदानात मानाचे स्थान मिळण्याची चिन्हे दिसत नाहीत, आणि त्याचे कारण शास्त्रीय नसून समारंभीय आहे. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते, ती खांद्यावर टाकून हलगीच्या तालावर मिरवता येते आणि छायाचित्रात चेहऱ्याशेजारी शोभते. चांदीची केटलबेल मात्र विजयी मल्लाला गुडघ्यापाशी लोंबकळत धरावी लागेल, आणि घोळक्यात मागे उभ्या असलेल्या चुलत्याला ती दिसणारही नाही.