घाटातला फुकट्या

इंदूर-इच्छापूर महामार्गावर असीरगडचा घाट लागला की मोटारवाल्याचं डोकं इंजिनाच्या आधी तापतं. कारण पुढे सायकलवाला असतो. ‘हे लोक मध्येच येतात’ ही त्याची जुनी तक्रार. किल्ला आधीचा, पायथ्याचं गाव आधीचं, डांबर सगळ्यात शेवटी आलं. तरी मध्ये आला तो सायकलवालाच.

तक्रारीचं दुसरं कलम असं की हा फुकट्या आहे. ‘आम्ही टोल भरतो, रोड टॅक्स भरतो. हा काय भरतो?’ हवा भरतो, दुसरं काय! गंमत म्हणजे हे सुनावणारा बऱ्याचदा मोटारसायकलवर बसलेला असतो. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, पण तेवढ्यावरून मालकी हक्क कोण सोडतो? शिवाय सायकलवाल्याच्या आजोबांनी कर भरून ठेवला आहे. एके काळी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि बिल्ला द्यायच्या. बिल्ला नसला की सायकल जप्त. रात्री दिवा नाही, दंड. डबलसीट, दंड. पुण्यात चौकातला हवालदार दिसला की कॅरियरवरचा गडी आपोआप उतरून पायी चालू लागायचा आणि चौक ओलांडला की पुन्हा बसायचा. त्या काळी कायद्याला सायकल दिसत होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही. तिला परवाना नाही, विमा नाही, नंबरप्लेट नाही, त्यामुळे कॅमेऱ्याचं चलानही नाही. मोटारवाल्याला खरा राग याचाच आहे. नियम मोडायला तोही तयार असतो. सायकलवाला फुकटात मोडतो, हे सहन होत नाही.

घाटातला अग्रक्रम वजनावर ठरतो. केळीनं लादलेला ट्रक सगळ्यात थोर. त्याच्यामागे लक्झरी बस. मग एमएच-१९ वाल्यांची ओंकारेश्वराला निघालेली मोठी गाडी, जिच्या मागच्या काचेवर महादेव असतो आणि पुढच्या सीटवर घाई. मग एमपी-६८ ची मोटारसायकल. सायकल या उतरंडीत येतच नाही. तिची जागा साइडपट्टीच्या पलीकडे, खडीत.

याच डोंगराखाली १६०० साली अकबर वेढा घालून बसला आणि किल्ला हाती यायला १६०१ चा जानेवारी उजाडला. तो रोगराईनं पडला की सोन्यानं, यावर इतिहासकारांचं अजून जुळत नाही. पण बादशहानं वाट पाहिली यावर दुमत नाही. आज त्याच डोंगराखाली मोठ्या गाडीला सायकलमागे एक वळण काढवत नाही. ती प्रेशर हॉर्न वाजवते. हॉर्ननं सायकलचा वेग वाढतो, असा मोटार व्यवसायात दृढ समज आहे.

मात्र सगळ्याच सायकलींशी असं वागत नाहीत, हेही सांगायला हवं. रविवारी सकाळी शहरातून हेल्मेट, चष्मा आणि अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घातलेली मंडळी गडाकडे येतात. चौघं चौघं शेजारी-शेजारी, रस्ताभर पसरून, हृदयाच्या ठोक्यांची चर्चा करत. त्यांच्यामागे मोठी गाडी हळू होते, काच खाली येते आणि आतून आदरानं विचारणा होते, ‘साहेब, कितीची घेतली?’ आकडा लाखात निघाला की गाडी लांबून वळसा घालून जाते. दोन कॅन लटकवलेला दूधवाला त्याच वळणावर भेटला तर काच तशीच खाली येते, पण प्रश्न निराळा असतो: ‘मरायचं आहे का रे?’

आता दूधवाल्याचे गुण. तो चढाला ट्रकच्या मागच्या साखळीला हात घालून वर येतो. उतारावर ब्रेकपेक्षा चपलेवर भरवसा ठेवतो. दांडीवर धाकटा, कॅरियरवर थोरला आणि त्याच्या मांडीवर गव्हाचं पीठ, असं कुटुंब तो एका हातानं चालवतो, कारण दुसरा हात मोबाइलपाशी असतो. दिवा नाही, घंटी नाही. घंटी आहे त्यांची गंजलेली. आणि उलट्या बाजूनं येणं तर हक्काचंच. याला मात्र रस्ता बांधणाऱ्यांचा हातभार आहे. चौपदरी रस्त्याला मधोमध दुभाजक घालतात, त्याला फट ठेवतात ती पार लांब. समोरच्या शेतात जायला पायडल मारत तिथवर जा आणि परत तेवढंच या. इंजिनवाल्याला त्यात काही वाटत नाही. पायडलवाला गणित करतो आणि राँग साइड धरतो.

मध्य प्रदेश सरकार शाळेसाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलामुलींना सहावीत आणि नववीत फुकट सायकल देतं. योजना चांगली आहे, टिंगल करण्यासारखं त्यात काही नाही. फक्त सायकल देणारं खातं एक आणि रस्ता करणारं दुसरं, आणि दोघांची अजून ओळख झालेली नाही. पहिल्या खात्याला वाटतं पोरगी शाळेत पोचली, दुसऱ्याला वाटतं रस्त्यावर मोटारीच आहेत. दोघांच्या मधलं अंतर ती पोरगी रोज कापते.

केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. शंभरातली साधारण तीन सायकलवर होती. सायकलखाली चिरडलेल्या ट्रकांचा रकाना मी अहवालात शोधला. छापायचा राहिला असावा.

गडावरच्या महादेवाला अश्वत्थामा फुलं वाहून जातो, ही इथली जुनी श्रद्धा. कपाळावर भळभळती जखम, आणि वाटसरूकडे तेल मागतो म्हणतात. अलीकडे कुणाला तो भेटला तरी ओळखू येणं कठीण. हेल्मेट नाही, कपाळ फुटलेलं, आणि घाटात उभा राहून तेल मागतोय. लोक म्हणतील, सायकलवाला असेल, चेन सुकली असेल. एक जण मोबाइल काढून व्हिडिओ करेल, दुसरा ‘चूक त्याचीच असणार’ असा निकाल देऊन गाडी पुढे काढेल.

तेव्हा श्रावणात ओंकारेश्वराला निघालेल्या भाविकांनो, वळणावर सायकल दिसली तर हॉर्नवरचा हात काढून ब्रेकवर पाय द्या. तोही गाडीच्या किमतीतच आला आहे. आणि सायकलवाल्या दादांनो, मागे लाल रिफ्लेक्टर लावा, ट्रकची साखळी सोडा. चिरंजीव सातच आहेत आणि नवी भरती बंद आहे.