तात्पर्याची चौकट

कॉन्व्हेंट शाळेत आमची विभागणी एरवी उंचीनुसार व्हायची. धर्मानुसार व्हायची ती फक्त एका तासापुरती. घंटा झाली की कॅथलिक मुलं कॅटेकिझमसाठी, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणासाठी, शेजारच्या वर्गात जायची आणि उरलेले आम्ही, म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी, जैन, सगळे मिळून मॉरल सायन्सला बसायचो. सर्वधर्मसमभाव नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यायला अजून अवकाश होता. आम्हाला तो त्याआधीच सामुदायिक जांभईच्या रूपाने भेटला.

मॉरल सायन्सच्या पुस्तकात गोष्टच नसे. एक नीट भांग पाडलेला मुलगा असे. तो पानापानावर आजोबांना रस्ता ओलांडून देई, सापडलेलं पाकीट परत करी, आईला भांडी घासू लागे. त्याला कधी साधा शेंबूडही आला नाही. भिंतीपलीकडे मात्र समुद्र दुभंगत होता, दानीएल सिंहांच्या गुहेत रात्र काढत होता आणि योना माशाच्या पोटात तीन दिवस मुक्कामाला होता. हा माल मधल्या सुट्टीत डब्याच्या बदल्यात आमच्याकडे येई. साबुदाण्याच्या खिचडीचे चार घास दिले की योना अख्खा मिळे. मग आमच्यातला एखादा, ज्याच्या घरी नवनाथांची पोथी वाचली जाई, तो म्हणे, "हॅ, तीन दिवसांचं काय घेऊन बसलास! आमचे मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटातच जन्मले." त्यावरून कुणाचा मासा मोठा असा वाद पेटे. दोन धर्मांमधला इतका निर्मळ वाद पुढे कधी कानावर आला नाही. कारण मासा खरा होता, यावर दोन्ही पक्षांचं पूर्ण एकमत होतं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुलं मिस्साला जात, तेव्हा सिस्टर आम्हाला लायब्ररीत नेत. काचेचं कपाट, कपाटाला कुलूप आणि किल्ली सिस्टरांजवळ. दर महिन्याला एक पुस्तक घरी न्यायचं, खाकी कव्हर घालायचं आणि महिनाअखेरीला वहीत बुक रिपोर्ट लिहायचा. लेखकाचं नाव, मुख्य पात्रं, नवे शब्द, आवडलेला प्रसंग. आणि सगळ्यात खाली पट्टीने आखलेली एक चौकट. तिच्यात तात्पर्य लिहायचं.

इसाप त्या बाबतीत सज्जन. तो तात्पर्य सोबत घेऊनच यायचा. असिसीच्या संत फ्रान्सिसांचंही जमून जाई. गुब्बिओ गावाला छळणाऱ्या लांडग्याला त्यांनी चार गोष्टी समजावून माणसाळवलं, यातून भूतदया काढता येई, जरी आम्हाला लक्षात राही तो फक्त लांडगा. खरी पंचाईत व्हायची एनिड ब्लायटनपाशी. १९४२पासून पुढे तिने फेमस फाइव्हची २१ पुस्तकं लिहिली. त्यांत चार मुलं आणि एक कुत्रा बेटावर जातात, भुयारात शिरतात, रात्र उघड्यावर काढतात, चोर पकडतात आणि सारखं काहीतरी खातात. वर जिंजर बिअर पितात. हे ऐकून घरोघरच्या आज्यांनी कपाळाला हात लावला. "सिस्टर देतात ही असली पुस्तकं?" ते आल्याचं सरबत असतं, हे आज्यांना पटवण्यात पुस्तकापेक्षा जास्त वेळ गेला.

या पाच जणांपासून शिकण्यासारखं म्हणजे मोठ्यांना शक्यतो काही सांगू नये. पण ते चौकटीत लिहिणार कसं? तेव्हा वर्गाने एकमुखाने एकच तात्पर्य मुक्रर केलं: 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी'. लांडगा असो की भुयार, साडीला फॉल लावावा तसं ते कुठल्याही पुस्तकाच्या खालच्या कडेला बसायचं. सिस्टर त्यावर निमूट लाल खूण करायच्या. त्यांना कळत नसेल? वर्गभर वह्यांत प्रामाणिकपणाविषयीचं तेच वाक्य एकमेकांचं बघून उतरलेलं, हे न कळायला त्या काही नवख्या नव्हत्या. पण फेमस फाइव्ह त्यांनी कपाटातून कधी काढली नाहीत. मॉरल सायन्सचं ते पुस्तक मात्र कुणी कधी घरी मागितलं नाही आणि त्यांनीही कधी न्या म्हटलं नाही.

मुलाला सुधारावं म्हणून पुस्तक द्यावं, तर मूल गोष्ट घेऊन पसार होतं आणि सुधारणा वहीत राहते. धर्माच्या शाळेची ही अडचण फार जुनी आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत रमला. तिथल्या नवख्रिस्ती लोकांनी गाऱ्हाणं मांडलं, की आमची पुराणं बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय? फादर शहाणे. त्यांनी प्रश्नोत्तरांचं पुस्तक पुढे करून विषय मिटवला नाही. सरळ मराठी ओवी हाती घेतली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं. १६१६मध्ये ते राचोलला छापलं गेलं. इंग्लंडहून आलेल्या फादरांनी मराठीत पुराण लिहावं आणि साडेतीनशे वर्षांनी फादर-सिस्टरांच्याच शाळेत मराठी बोललं म्हणून आम्ही चार आणे दंड भरावा, याचं तात्पर्य काढायला आमची चौकट अपुरी होती.

क्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांना आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं फर्मान काढलं. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी १९०७मध्ये मंगळुरात हे पुराण पुन्हा छापता आलं, कारण मधली अडीचशे वर्षं लोक ते हाताने उतरवून घेत होते, पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. आवडलेला प्रसंग नाही, नवे शब्द नाहीत. अख्खं पुस्तकच वहीत. हा अभ्यास त्यांना कुणी दिला नव्हता. दिला असता तर अर्ध्यांनी शाळा बदलली असती आणि उरलेल्यांनी 'ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी' लिहून सुटका करून घेतली असती.