शिक्क्याचे पंत

रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीतला माणूस ज्यांना दिसत नाही, मोटारीचा रंग दिसत नाही, फार काय, ती आपल्याच अंगावर येत आहे हेही ज्यांच्या ध्यानात येत नाही, परंतु तिचा उजवा दिवा मागाहून बसविलेला आहे एवढे मात्र पन्नास हातांवरून ज्यांना कळते, असे एखादे गृहस्थ आपल्याही परिचयाचे असतीलच. माझ्या वाट्याला आलेले पंत योकोहामाला राहतात आणि निस्सानने १९८८ साली बाजारात आणलेल्या सिल्व्हिया मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे ते स्वयंनियुक्त इनाम कमिशनर आहेत. १८५२ च्या कायद्यान्वये नेमलेल्या कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामदारांच्या सनदा ज्या संशयी नजरेने तपासल्या असतील, त्याच नजरेने पंत दिव्यापुढे गुडघे टेकतात, खिशातून बोटाएवढी विजेरी काढतात आणि मालकाला पहिला व अखेरचा सवाल करतात : “शिक्का कुठे आहे?”

शिक्का म्हणजे दिव्यावर उठविलेले निर्मात्याचे नाव व क्रमांक. मोटारीचा कारखाना दिवे स्वतः घडवीत नाही, ते कोइतो, इचिको, स्टॅन्ली अशा घराण्यांकडून येतात. आणि कोइतोंनी १९१५ साली रेल्वेच्या सिग्नलांच्या भिंगांपासून धंद्यास आरंभ केला, ही वंशावळ पंत अशा थाटात सांगतात की, ऐकणाऱ्याने सोवळ्यात बसावे. सिल्व्हियाच्या जे, क्यू आणि के या श्रेणी पत्त्यांतील गुलाम, राणी, राजा यांवरून पडलेल्या. दिवेही दोन जातींचे, एक साधा रुंद काचेचा आणि दुसरा, जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी, आत तीन गोल भिंगांचा. या तीन भिंगांवर आज जग लुब्ध आहे. अमेरिकेत ही मोटार २४०एसएक्स या नावाने गेली ती उघडझाप करणारे दिवे घेऊन. सबब स्थिर दिव्यांची हौस तिकडच्यांना जपानातूनच भागवावी लागते, भाव चढतात आणि भावापाठोपाठ नकलाही येतात. नक्कल ओळखण्याची पंतांची अंतिम कसोटी मात्र भिंतीवर होते. जपानात वाहने आपल्याकडल्याप्रमाणेच डावीकडून चालतात, म्हणून दिव्याच्या झोताची वरची कड उजवीकडे सपाट राहून डावीकडे किंचित चढती असावी लागते. अस्सल दिव्यात ती कड चाकूने कापल्यासारखी दिसते. नकली दिव्यात ती विरघळते, आणि पंतांचा चेहरा आंबतो.

दत्तकप्रकरणी तर त्यांची मती कुंठित होते. सिल्व्हियाची सख्खी बहीण १८०एसएक्स. हिचे दिवे पापण्यांसारखे मिटणारे. घाटांतून गाड्या घसरविणारी पोरे हिचे नाक फोडीत आणि त्या जागी सिल्व्हियाचे स्वस्त, हलके नाक बसवीत. या संकराला सिलएटी म्हणू लागले, आणि १९९८ साली किड्स हार्ट नावाच्या संस्थेने तशा गाड्या रीतसर बांधल्या व त्या निस्सानच्या दुकानांतून विकल्याही गेल्या. आता या गाडीचा दिवा अस्सल म्हणावा की नाही? साताऱ्याचे दत्तविधान नामंजूर करणाऱ्या डलहौसीला जेवढा विचार करावा लागला नसेल तेवढा पंतांनी या प्रश्नावर केला असून निकाल अद्यापि राखून ठेवला आहे.

दिव्यांपुरते हे राहिले असते तर आमची तक्रार नव्हती. २००६ साली जपानने आपल्या आंब्यावरील बंदी उठविल्यानंतर एका मित्राने मोठ्या हौसेने हापूसची पेटी आणली, तेव्हा पंत पेटीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “शिक्का कुठे आहे?” गणेशोत्सवात मूर्ती शाडूची असल्याचे ऐकताच त्यांनी पाटाखाली विजेरी घातली. माझ्या पुतणीच्या बारशाला त्यांनी बाळाला मोठ्या प्रेमाने हाती घेऊन त्याच्या कानामागे पाहिले, तेव्हा बाळाच्या आजीने ते काढूनच घेतले.

इतके असून पंतांजवळ सिल्व्हिया नाही. कधीही नव्हती. नोकरीच्या आरंभी ऐपत नव्हती, ऐपत आली तेव्हा दोन मुले व त्यांच्या सायकली होत्या, म्हणून ते पेटीच्या आकाराची एक निर्विकार कौटुंबिक गाडी हाकतात, जिच्या दिव्यांकडे त्यांनी आजवर ढुंकून पाहिलेले नाही. घरी मात्र गाद्या ठेवण्याच्या फडताळात, वहिनींच्या जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळलेले, तीन भिंगांचे पाच दिवे आहेत. पाचही उजवे. डावा त्यांना अद्याप लाभलेला नाही. चालक उजवीकडे बसतो म्हणून गाडी नेहमी दूरच्या डाव्या अंगानेच आपटते, अशी त्यांची उपपत्ती आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला दाइकोकूच्या थांब्यावर नेले, जिथे द्रुतगती मार्गाच्या वर्तुळाकार विळख्यात रात्री शौकिनांच्या गाड्या जमतात. एका विशीतल्या मुलाची सिल्व्हिया उभी होती. वडील वारले, गाडी आपल्याकडे आली, बाबांनी हिचा एक स्क्रूसुद्धा कधी बदलला नाही, असे तो सांगत होता. पंत गुडघ्यांवर बसले. डावा दिवा पाहताना त्यांचा श्वास अडकला. उजव्यावर विजेरी जरा जास्त वेळ थांबली. मग उठून, पँट झटकून, त्यांनी जपानीत सांगितले की दोन्ही उत्तम आहेत, आणि छायाचित्रे पाठविण्याच्या मिषाने त्याचा पत्ता लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर ते चिडलेले होते. “उजव्यावरची अक्षरं पाहिलीत? अर्धा मिलिमीटर जाड! मागची खुंटीसुद्धा भलतीच.”

“मग बोलला का नाहीत?”

“अहो, तो बघत होता ना माझ्याकडे.”

डाव्याची किंमत विचारण्याचे त्यांना सुचले नसेल, हे मला खरे वाटत नाही. पुढल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तेव्हा फडताळात चार दिवे होते. एक कुरिअरने गेला, ‘सुटा पडून होता, अडीअडचणीला असू द्या’ एवढ्याच चिठ्ठीनिशी. पंत चहा फुंकीत खिडकीबाहेर पाहत राहिले. बोलल्या त्या वहिनी.

“दिवा गेला त्याचं काही नाही हो भावोजी. पण माझ्या आईचं इरकली त्याच्याभोवती गुंडाळून धाडलं यांनी. आणि ते अस्सल होतं.”